बेटाची वाटेकरीण

माहेरी आलेली बाई आधी तांब्याभर पाणी पिते, मग भावाचं, भावजयीचं, पोराबाळांचं बरंवाईट विचारते. आमची हौसाआत्या मुंबईहून आली की आधी झाडांकडे बघायची. चपला हातात घेऊन, पदर खोचून ती उतरल्या उतरल्या बेटाला एक वेढा घालायची. कुठल्या बाभळीची फांदी गेली, कुठला बांध ढासळला, कोंबड्यांचं खुराडं कुठून कुठं हललं, सगळं तिला त्या एका फेरीत दिसायचं. मग अंगणात येऊन ती माझ्या आईसमोर उभी राहायची.

"सिंधे, शेवगा कुनाला इचारून तोडला?"

"किडला व्हता वन्सं."

"किडला व्हता त्ये बुंध्यावनं दिसलं मला. म्या काय इचारलं? कुनाला इचारून?"

आई पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी. वडील बैलाला पाणी दाखवायच्या निमित्तानं मागच्या बाजूला सटकलेले. आत्या वडिलांपेक्षा मोठी, त्यांची आई वारल्यावर तिनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं, त्यामुळे तिच्यापुढे त्यांचा आवाज कधी निघाला नाही. उत्तर द्यायला उरायची ती आई. आणि या प्रश्नाला उत्तर नव्हतंच. आत्या अकरा महिने घाटकोपरला असायची. तिला विचारायला काय शेवग्याचं झाड मुंबईला न्यायचं होतं?

मला ती कधी आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे आणि ती मला जमत नाही.

बेट म्हटल्यावर कुणी नारळाची झाडं आणि पांढरी वाळू डोळ्यांपुढे आणू नये. येडगावचं धरण झालं तेव्हा आमची नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली. उरला तो वरचा उंचवटा, मुरमाड, चार-दोन आंब्यांचा. त्यावर आमची वस्ती. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की चारी अंगांनी पाणी. आवर्तन थांबलं की एका बाजूला गाळाची वाट उघडी पडायची, तीसुद्धा गुडघाभर चिखलाची. एरवी काठावर जायचं म्हणजे काहील. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळायला जी मोठी पसरट लोखंडी कढई असते, ती काहील. आमच्याकडची गुऱ्हाळं मोडत गेली तशा काहिली पाण्यात उतरल्या आणि आमच्यासारख्यांच्या होड्या झाल्या. मी शाळेत काहिलीतून गेले, कॉलेजात काहिलीतून गेले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि माझ्या वतीनं दुसरं कुणी सांगणार नाही.

काहिलीची एक खोड असते. एका बाजूला वजन पडलं की ती कलते आणि भोवऱ्यासारखी गरगर फिरते. आत्या हाडापेरानं दणकट. तिचा तोल धरायला समोर तेवढंच वजन लागायचं. आत्याचे मालक, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, काटकुळे होते आणि पोरं लहान. म्हणून दर मे महिन्यात वडील फळीनं वल्हवत काठावर जायचे ते आईला घेऊन, आणि येताना आत्या एका काठाला, आई दुसऱ्या काठाला, अशा त्या दोघी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून यायच्या. एकमेकींच्या तोंडाकडे न बघता. मी बेटावरून ते बघत असायचे. मधे मुंबईच्या पिशव्या, टोस्ट, फरसाण, आणि तिच्या मुलीचे आखूड झालेले फ्रॉक.

"मंगे, हे घे. मुंबईचं हाय," ती फ्रॉक माझ्याकडे टाकायची.

"मला नको."

"का गं? अंगाला चावतंय का?"

"बाहीत उसवलंय."

"मंग सुई-दोरा काय तुजा बा आननार? शिव अन् घाल."

मी ते फ्रॉक कधी घातले नाहीत. आईनं त्यांची पायपुसणी केली आणि आत्या असतानाच ती उंबऱ्याशी टाकली. आईची भांडायची रीत ती तशी.

आत्याचा बेटावरचा दिवस असा. सकाळी उठून पेरूच्या आळ्यात बादलीभर पाणी ओतायचं, कारण "तुमी घालत न्हाई." मग आंब्याखाली वाकळ टाकून पाण्याकडे पाय करून पडायचं. जेवण तिथंच. आईनं भाकरी आणून द्यायची, ती भाकरी उजेडाला धरून बघायची आणि म्हणायची, "मीठ तुज्या माहेराला महाग झालं का गं?" दुपारी चहा, संध्याकाळी पाण्यात. नऊवारीचा काचा मारून ती पोहायची. आमच्या गावात पोहणारी बाई मी दुसरी बघितली नाही. मधोमध जाऊन ती उताणी पडून राहायची आणि तिथून वडिलांना ओरडून सांगायची, "बाळू, मी आपल्या गोठ्यावं हाये बघ!" खाली खरंच आमचा बुडालेला गोठा होता.

आईनं एकदा म्हटलं, "वन्सं, जरा कांद्याला हात लावता का? पाऊस आला तर समदा भिजंल."

आत्या वाकळीवरून उठलीसुद्धा नाही. "म्या हितं राबायला येत न्हाई सिंधे. राबायचं तेवडं राबून ठिवलंय. तू ज्या मातीतली भाकर खातीस ना, ती माती माज्या डोक्यावनं आलीया."

हे मात्र खरं होतं. धरणाचं पाणी चढायच्या आधीचा उन्हाळा. खालची काळी जमीन जाणार हे ठरलेलं. माझे आजोबा आणि ही लग्न ठरलेली पोरगी, दोघांनी त्या जाणाऱ्या शेतातली माती पाट्या भरभरून वर उंचवट्यावर वाहिली. लोक हसत होते. शेत कुणी डोक्यावरून नेतं का? पण आज बेटावर जो कांदा होतो, तो त्या मातीत होतो. मुरमात काही होत नाही. गावातल्या म्हाताऱ्यांनी हे मला स्वतंत्रपणे सांगितलेलं आहे, त्यामुळे त्यात आत्याची फुशारकी नाही.

पण आईही ऐकून घेणारी नव्हती. "तुमी येक उन्हाळा व्हायली वन्सं. त्यात खुरपतंय कोन इतकी वर्सं?"

"खुरपती म्हनून मालकीन व्हतीस का? मालकीन व्हायाला सातबाऱ्यावं नाव लागतं."

आणि सातबाऱ्यावर आत्याचं नाव होतं. आजोबा गेल्यावर वारस म्हणून वडिलांच्या नावाखाली हिचं लागलेलं. आईचं कुठंच नव्हतं.

आता आईच्या माहेराचं सांगते, कारण माझ्या रागाचं मूळ तिथं आहे. आई निरगुडसरची. नारायणगाव, मग मंचर, मग निरगुडसर. सकाळी निघालं तर जेवणाला पोचायचं, एवढंच लांब. मे महिना हा सगळ्या लेकींचा. शाळांना सुट्ट्या, आंबे, लग्नं. पण नणंद माहेरी आलेली असताना भावजयीनं घर सोडून स्वतःच्या माहेरी जायचं नसतं. कुणी असा कायदा केलेला नाही, पण आमच्याकडे मोडतही कुणी नाही. आत्या शाळा सुटली की यायची आणि शाळा भरायच्या तोंडावर जायची. म्हणजे दर वर्षी आत्याचं माहेरपण व्हायचं आणि आईचं बुडायचं.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. कुरडयांसाठी गहू भिजत घातलेला. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो घेरायचा आणि सोऱ्यानं घालायचा. तिसऱ्या दिवशी उरकलं नाही तर गहू आंबतो, फेकून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावरून निरगुडसरच्या एका माणसानं हाळी दिली. माझी आजी, आईची आई, अंथरुणाला खिळली होती. बोलावणं आलं होतं.

आईनं हात धुतले आणि पिशवीत लुगडं घातलं. आत्या आंब्याखालूनच बोलली.

"जा की. तुला कुनी बांदलंया? पर गव्हाचं काय? उद्या चीक घेर, कुरडया घाल अन् दुपारच्याला नीघ. येका दिसानं काय व्हतंय?"

"तुमी घाला की वन्सं येवड्या बारीला."

"म्या? आधी येक काय ते ठरिवा. म्या पावनी हाय का घरची? काम असलं का घरची, अन् हक्काचं बोलले का पावनी!"

मी तेव्हाही तोंडाची फटकळ होते. म्हणाले, "आत्या, उलटं आहे. जेवायला तू घरची असतेस आणि कामाला पाहुणी."

ती रागावली नाही, हसली. "जीभ हाय गं पोरीला. जप तिला, उपेगी पडंल."

वडील काही बोलले असते तर आई त्या दिवशी गेली असती. वडील बोलले नाहीत. आई राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून ती चीक घेरत बसली. वाफेनं तोंड लाल झालं होतं; ती रडत होती की नाही हे त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. कुरडया घालून ती गेली. आजी जिवंत होती, पण ओळख गेली होती. आईला ती शेजारीण समजली आणि म्हणाली, "माजी सिंधू येनार हाये." पुढे चार दिवस तेच म्हणत राहिली, आई उशाशी बसलेली असताना.

आईनं हे आत्याला कधी ऐकवलं नाही. मी आज लिहून ऐकवते आहे.

आजीचं तेरावं झालं. आईच्या भावानं तिच्यापुढे ताट ठेवलं. त्यात हिरवी साडी, खण, नारळ. आमच्याकडे तोंडानं कुणी काही बोलत नाही. भावानं बहिणीपुढे असं ताट ठेवलं की बहिणीनं ओळखायचं: हक्कसोड. आईबापाच्या जमिनीवर माझा काही हक्क नाही, असं तिनं लिहून द्यायचं आणि साडी नेसायची. चांगल्या घरच्या लेकी मागेपुढे बघत नाहीत. आईनंही बघितलं नाही. मंचरला जाऊन सही केली. पुढच्या दिवाळीला ती निरगुडसरला गेली तेव्हा तिच्या भावजयीनं दारात विचारलं, "च्या घेनार का?"

आमच्या भागात माहेरवाशिणीला चहा घेणार का म्हणून विचारत नाहीत. समोर आणून ठेवतात. विचारतात ते पाहुण्याला. आई चहा घेतल्याशिवाय परत आली आणि त्यानंतर फारशी गेलीच नाही.

मी बी. ए. झाले ते वर्ष. निकाल घेऊन आले तेव्हा आत्या बेटावर होती. वडिलांनी पेढे आणले होते. आत्यानं पेढा तोंडात टाकला आणि मला खालून वर बघितलं.

"म्हंजे आता तू कोन?"

"पदवीधर."

"सायेब का?"

"नाही. पदवीधर."

"बरं. मंग आता घरात कुनी काय इचारलं तर तू सांगनार का तुजा बा?"

"बाबाच सांगणार."

"मंग काय उपेग?" असं म्हणून तिनं दुसरा पेढा उचलला. त्या रात्री मी जेवले नाही. इतकी वर्षं काहिलीतून वह्या डोक्यावर धरून गेले, त्याची या बाईनं एका पेढ्यात विल्हेवाट लावली होती. पण हेही सांगते की घरात आलेल्या बाकीच्या सगळ्यांनी "आता लग्नाचं बघा" एवढंच म्हटलं होतं.

लग्न मंचरला झालं, तिथंच शाळेत नोकरी लागली. दोन-तीन वर्षं गेली असतील, बेटाला गिऱ्हाईक आलं. पुण्याची पार्टी. त्यांना तिथं लोकांच्या सुट्ट्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, पाण्यात बोटी सोडायच्या होत्या. वडील थकले होते. नारायणगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट बघून ठेवला. माझा भाऊ रमेश खूश. तलाठ्यानं सांगितलं, बहिणीचं नाव आहे, तिची हक्कसोड आणा, मग पुढचं.

मी त्या मेमध्ये मुद्दाम माहेरी गेले. मला वाटत होतं, सुटेल एकदाची ही कटकट. आईला जिना चढावा लागेल, पण या बाईची भाकरी तर भाजावी लागणार नाही.

आत्या आली. झाडांची फेरी झाली. जेवणं झाली. वडिलांनी ताट आणून तिच्यापुढे ठेवलं. नारायणगावच्या दुकानातली भारी साडी, खण, नारळ. मामा पान लावत होते, त्यांचा हात थांबला. रमेश दाराला टेकून उभा. आई चुलीपाशी, मी तिच्याजवळ.

आत्यानं साडीची घडी मोडली. पदर मांडीवर पसरून जरीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, झालं.

"लई भारी आनलीस रं बाळू."

"तुजाच मान हाये आक्का."

"कशाचा मान?"

वडील खाली बघायला लागले. "तुला तर समदं म्हाईत हाये."

"मला म्हाईत हाये. तू तोंडानं सांग की."

"बेट द्यायचंय. आता व्हत न्हाई माज्यानं. तू सुट्टीला ये की फ्लॅटवं. पंखा हाये, नळ हाये. तुला कोन नगं म्हनतंय?"

"आत्ता मी माज्या घरी येते. फ्लॅटवं मी तुज्या घरी येईन. दोन दीस ऱ्हाईन, तिसऱ्या दिशी तुजी सून इचारंल, कवा निघनार?"

रमेश म्हणाला, "आत्या, तू वर्षातनं एक महिना येतीस. एका महिन्यासाठी आमी सगळ्यांनी इथं चिखलात मरायचं का?"

प्रश्न बरोबर होता. मीही तोच विचारला असता. आत्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं साडी उचलली, उठली आणि सरळ चुलीपाशी आईसमोर आली.

"सिंधे, तुला दिली ती असलीच व्हती का गं? हिरवी?"

त्या क्षणी मी उठले. तिचा हात धरून तिला बाहेर काढायची माझी तयारी होती. दुखऱ्या जागेवर बोट ठेवायची सवयच होती त्या बाईला. पण आईनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"असलीच व्हती," आई म्हणाली. "काठ जरा बारीक व्हता."

आत्या वडिलांकडे वळली. "बाळू, बेट इकायचं हिला इचारलंस का?"

"तिला काय इचारायचं?" वडील म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. ते दुष्ट माणूस नव्हते. जमीन विकताना बायकोला विचारतात हे त्यांनी आयुष्यात कुठं बघितलंच नव्हतं.

मग आई बोलली. मान वर न करता, चुलीतलं लाकूड मागे ओढत.

"वन्सं, सही करू नका."

मी आईकडे बघतच राहिले. तिसऱ्या मजल्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. कुणाकडे काढणार? तिचा नकार लिहून घ्यायला सातबाऱ्यावर जागाच नव्हती. जागा होती ती समोर उभ्या असलेल्या बाईच्या नकाराला.

"म्या तिसऱ्या मजल्यावं जाऊन काय करू?" आई म्हणाली. "कोंबड्या कुटं ठिवू? तुमी न्हाई म्हना. माजं कोन ऐकत न्हाई."

एखादी दुसरी असती तर तिनं भावजयीला जवळ घेतलं असतं. आत्यानं साडी आईच्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "तुज्यासाटी न्हाई म्हनत म्या. माज्यासाटी म्हनते."

"मला बी तुमचा पुळका न्हाई आला," आई म्हणाली.

"बरं झालं. भाकरी करपतीया बघ."

पुण्याच्या पार्टीनं दुसरीकडं जागा घेतली. वडील त्या उन्हाळ्यात आत्याशी बोलले नाहीत. पुढच्या मेमध्ये तिनं काठावरून हाळी दिली तेव्हा ते खाटेवर पालथे पडून राहिले. रमेश कानाला रेडिओ लावून बसला. हाळ्यांवर हाळ्या. मी सुट्टीला आले होते, मीही उठले नाही. मला वाटलं, जाऊ दे परत एकदा. शेवटी आईनं फळी उचलली आणि एकटी काहील घेऊन निघाली. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो, त्यामुळे दोघींचं बोलणं आम्हाला घरात ऐकू येत होतं.

"मधी बसा वन्सं, कलतीया."

"तुला वल्हवाया येत न्हाई म्हनून कलतीया."

"मंग उतरा हितंच. तुमाला पवता येतंय."

"तांबडी कोंबडी दिसंना ती."

"खाल्ली."

"कुनाला इचारून?"

"तुमाला इचारायलाच आलेय. पुडच्या खेपंला काळी कापायचीय."

त्या दोघींत गोडवा आला असं कुणी समजू नये. कुरडया, मीठ, पाणी, सगळ्यावरून पूर्वीसारखीच जुंपायची. आणि आईचं मे महिन्यातलं निरगुडसर गेलं ते गेलंच. आईनं एकदा जायचं काढलं तेव्हा आत्या म्हणाली, "तितं आता कोन हाये तुजं? पिशवी धरून दारात हुबी ऱ्हाशील." खरं होतं, म्हणूनच बोलायला नको होतं. आत्याला खरं बोलता यायचं. ते कधी गिळायचं, हे तिला शेवटपर्यंत आलं नाही.

ती गेली ती मुंबईत, श्रावणात. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिचा मुलगा म्हणाला, शेवटी शेवटी एकच विचारत होती, पेरूला पाणी कोण घालतं. म्हणजे आमच्यावर विश्वास नव्हताच. दिवस झाल्यावर तिची मुलं बेटावर आली, जेवली, जुन्नरला जाऊन त्यांनी सह्या करून दिल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. चांगली मुलं. त्यांना बेट नको होतं. त्यांना सुट्टी हवी असली की ती गोव्याला जातात.

दुसऱ्या वर्षी वडील गेले. सातबाऱ्यावर आईचं, रमेशचं आणि माझं नाव लागलं. तेराव्याला रमेशनं ताट आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी आईकडे बघितलं.

"माज्याकडं बगू नगं," आई म्हणाली. "म्या येकदा केलीया."

मी ताट परत सरकवलं. रमेश म्हणाला, "इकायचं न्हाई काय न्हाई, नुसतं नाव साफ करायचंय. तू बी हौसाआत्या व्हायला लागलीस."

"लागले तर लागले."

तो उठून गेला. त्याची बायको, माझी वहिनी, भिंतीशी उभी होती. तिची नजर मी ओळखली. इतकी वर्षं ती नजर मी आईच्या डोळ्यांत बघत आले होते, फक्त तेव्हा ती दुसऱ्या कुणावर रोखलेली असायची. वहिनीचं माहेर आळे गावचं. तिथं तिची आई एकटी आहे.

मी तिला म्हणाले, "सही करणार नाही. पण मेमध्ये मी येणार नाही. मेमध्ये तू आळ्याला जात जा."

"अन् तुमी?"

"दिवाळी झाली की येईन. चार दिवस. भाकरी माझी मी भाजीन."

तिनं ताट उचललं आणि साडी कपाटात ठेवून दिली.

हे लिहिताना तिचं-माझं अजून फारसं पटत नाही. फोनवर ती कामापुरतं बोलते, मीही तेवढंच बोलते. पण मे महिन्यात ती तिच्या आईकडे असते, आणि सातबाऱ्यावर माझं नाव आहे.